उंबऱ्यावरची दाढी

"चेहरा आणि रबर यांच्यामध्ये केसाइतकीही फट राहता कामा नये. माणसाचा जीव त्या फटीवर अवलंबून असतो."

हे वाक्य मी कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीच्या कॅन्टीनमध्ये, पाच नर्सेससमोर, अतिशय गंभीर चेहऱ्यानं म्हटलं. चेहरा किती गंभीर आहे हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, कारण त्यावर भरघोस दाढी होती.

पाचहीजणी आसपासच्या कारखान्यांच्या दवाखान्यांतून आल्या होत्या. बोट कापलं तर पट्टी, ताप आला तर गोळी आणि सोमवारी सकाळी पोटात दुखायला लागलं तर नुसती एक दीर्घ नजर, असं त्यांचं काम. आता त्यांनी कामगारांना धुळीचे मास्क नीट बसतात की नाही हेही तपासावं, असं वर कुणीतरी ठरवलं होतं, आणि ते शिकवायला पुण्याहून मला धाडलं होतं. तीन दिवसांचा वर्ग. शेवटच्या दिवशी प्रत्येकीनं एका खऱ्याखुऱ्या कामगाराची तपासणी करून दाखवायची, की मी प्रमाणपत्रावर सही करणार. माझा हा पहिलाच वर्ग होता, त्यामुळे मला सगळं येत होतं.

तपासणीची पद्धत दिसायला पोरखेळासारखी असते. माणसाच्या डोक्यावर प्लास्टिकचं एक पारदर्शक टोपडं चढवायचं आणि त्याला ठेवलेल्या भोकातून सॅकरिनच्या पाण्याचा फवारा आत मारायचा. मास्क नसताना जिभेला गोड लागलं पाहिजे. मास्क लावल्यावर लागता कामा नये. लागलं, तर मास्क कुठूनतरी गळतोय. फवारा चालू असताना माणसानं आधी साधा श्वास घ्यायचा, मग खोल घ्यायचा, मान डावी-उजवी करायची, वर-खाली करायची आणि शेवटी मिनिटभर सलग बोलायचं. बोलताना जबडा हलतो, आणि जबडा हलला की मास्कचं खरं रूप कळतं.

प्रात्यक्षिकासाठी मी स्वतःच मास्क लावून टोपड्यात शिरलो. फवारा मारायला त्याच फाउंड्रीच्या एस्तर सातपुते सिस्टर पुढे आल्या. पन्नाशीच्या, मिरजेला शिकलेल्या, आणि साडीची इस्त्री इतकी कडक की त्या बसल्या की साडीचा आवाज यायचा. त्यांनी रबरी फुगा दोन-चारदा दाबला आणि विचारलं, "लागतंय का सर गोड?"

लागत होतं. बासुंदीइतकं. मी मान हलवली.

"म्हणजे तुम्ही नापास," त्या म्हणाल्या. एखाद्याला त्याचं ब्लडप्रेशर सांगावं तशा सुरात.

टोपडं काढून मी खुलासा केला, की दाढीमुळे काय होतं हे दाखवायला मी हे मुद्दाम केलं. पाचहीजणींनी तो समजूतदारपणे ऐकून घेतला. पेशंटचे असे खुलासे ऐकून घ्यायची त्यांना सवय होती.

वर्ग सुटल्यावर एस्तर सिस्टर मागे थांबल्या. शेवटच्या दिवसासाठी आपण केरबा मगदूमला निवडलंय, असं त्यांनी सांगितलं. केरबा फेटलिंगला होता. ओतून काढलेल्या लोखंडी भागांना वाळू चिकटलेली असते, कडांना धार राहिलेली असते. ते सगळं ग्राइंडरनं घासून काढायचं म्हणजे फेटलिंग. त्यातली दिसणारी धूळ अंघोळीनं जाते. न दिसणारी छातीत जाऊन बसते आणि मग कशानंच जात नाही. केरबाचा जुना खोकला गेल्या दिवाळीपासून वाढला होता. दवाखान्याच्या पाच पायऱ्या चढताना तो आता मध्ये थांबायला लागला होता आणि थांबलो नाही असं दाखवायला भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचा.

"एक्स-रे अजून बरा आहे," सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, आत्ता धूळ थांबली तर माणूस राहील. मला तो राहायला हवाय सर. बाकीच्यांचं मग बघू."

मी विचारलं, मग अडचण काय आहे.

"तुमच्यासारखी दाढी आहे."

दुसऱ्या दिवशी केरबा आला. माझ्यासारखी असं म्हणणं हा माझा गौरव होता. त्याची दाढी छातीपर्यंत आलेली, वाळूनं करडी झालेली आणि मधोमध भांग पाडल्यासारखी दुभंगलेली होती. गुडघ्यांवर पंजे ठेवून तो ताठ बसला. मी त्याला फळ्यावर चित्र काढून रबर, केस आणि फट यांचं शास्त्र समजावलं. त्यानं सगळं नीट ऐकलं. ऐकताना तो फळ्याकडे नाही, माझ्या हनुवटीकडे बघत होता.

"मग सायेब, तुमी काय करता?"

मी म्हटलं, मी धुळीत काम करत नाही.

"मग बरं हाय तुमचं," तो म्हणाला. टोमणा नव्हता. खरोखरच त्याला बरं वाटलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी फाटकाबाहेरच्या न्हाव्याकडे जाऊन माझी दाढी उतरवली. कॉलेजात असताना क्रांतीसाठी वाढवली होती. क्रांती आली नाही, दाढी तेवढी राहिली. परत आलो तेव्हा एस्तर सिस्टरांनी एकदाच पाहिलं आणि आता वय कळतंय म्हणाल्या. मी मोठ्या आशेनं केरबासमोर जाऊन उभा राहिलो. त्यानं माझे दोन्ही गाल तपासले, एखाद्या कास्टिंगची घासाई तपासावी तसे.

"तुमची बायकू घरात हाय सायेब," तो म्हणाला. "तुमचं काय जातंय."

मग सिस्टरांनी बाकीचं सांगितलं. केरबाची बायको अनुसया दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ट्रंक उचलून माहेरी, गारगोटीच्या पलीकडे, निघून गेली होती. केरबा त्याच आठवड्यात जोतिबाच्या डोंगरावर गेला आणि देवापुढे बोलून आला, की अनुसया घराचा उंबरा चढेपर्यंत तोंडाला वस्तरा लावणार नाही. त्याचं नावच मुळी देवाचं, केरबा म्हणजे केदारलिंग, म्हणजे जोतिबाच. ज्याचं नाव लावतो त्याला फसवायचं कसं, असं त्याचं म्हणणं. बायको का गेली असं कुणी विचारलं, की तो म्हणायचा, रुसली. एवढ्यावर सगळ्यांचं समाधान होत होतं, कारण बायका रुसतात हे सगळ्यांना आधीच माहीत होतं.

नवस ही मानसिक गोष्ट असून फुफ्फुस ही शारीरिक गोष्ट आहे, या विषयावर मी थोडंसं बोललो. कुणाला त्याचा उपयोग झाला नाही. वर्गातल्या सगळ्यांत लहान रेहाना मुलाणी सिस्टरनं तोडगा काढला, की सबंध दाढी कशाला, रबर टेकतं तेवढीच कडेकडेनं गोल काढावी आणि मधली देवासाठी ठेवावी. केरबानं त्यावर प्रामाणिकपणे विचार केला. मग म्हणाला, वानरागत दिसंल. आम्ही सगळ्यांनी मनात तसं करून पाहिलं आणि ते खरं होतं.

दुपारच्या सत्राला एस्तर सिस्टर नव्हत्या. एसटीनं गारगोटीला गेल्या, असं रेहानानं सांगितलं. मास्कची निगा आणि फिल्टर बदलण्याची वेळ या माझ्या लाडक्या विषयाला त्या मुकल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेलो, तर बाकावर अनुसया बसलेली. उंच, हडकुळी, पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. एसटीत बसल्यासारखी, कधीही उतरावं लागेल अशी. केरबाला फेटलिंगमधून बोलावलं होतं. तो दारात आला, तिला पाहिलं आणि थेट कॅलेंडर वाचायला लागला. तीही औषधांच्या कपाटाकडे बघत राहिली.

"आणलीय बघ," सिस्टर केरबाला म्हणाल्या. "आता घरी ने आणि ते जंगल उतरव."

"मी घरी जायाला आल्याली न्हाई," अनुसया कपाटाला म्हणाली. "बगायला आल्याली हाय."

मग तिनं सांगितलं. आम्हाला सांगितलं, पण ऐकायला होता तो केरबा. तिचा धाकटा भाऊ खडी क्रशरवर होता. धुळीनं गेला. शेवटचे महिने तिनंच त्याची उशाशी बसून सेवा केली. त्याला आडवं होता येत नव्हतं, म्हणून तो बसून झोपायचा आणि ती त्याला टेकायला पाठ द्यायची. तो गेला आणि घरी परत आल्यावर काही दिवसांत तिला केरबाच्या खोकल्यात तोच आवाज ऐकू आला. ती त्याला म्हणाली, धूळ सोड. तो म्हणाला, दुसरं काही येत नाही. मग म्हणाली, मोठ्या कंपन्यांत तोंडाला ते रबराचं लावतात, जे काही आत सोडत नाही, ते लाव. ते नीट बसल्याशिवाय मी उंबरा चढणार नाही. आणि ट्रंक उचलली.

"फडकं बांधतोय की रोज," केरबा कॅलेंडरला म्हणाला.

"फडकं माजा भाऊबी बांधत हुता."

मला हळूहळू उमगत गेलं. दाढी उतरल्याशिवाय मास्क बसणार नव्हता. ती उंबरा चढल्याशिवाय दाढी उतरणार नव्हती. आणि मास्क बसल्याशिवाय ती उंबरा चढणार नव्हती. दोघांनी मिळून असं कुलूप घातलं होतं, की दोन्ही किल्ल्या आतच राहिल्या होत्या. माझ्या प्रशिक्षण पुस्तिकेत चष्मा, कवळी, गालावरचा व्रण या सगळ्या अडचणी होत्या. ही नव्हती.

मी सुचवलं, वहिनींनी आधी घरात जावं. अनुसया म्हणाली, आपण एकदा आत गेलो की हे काही मास्क लावत नाहीत, आपण ओळखतो ह्यांना. मग मी सुचवलं, केरबानं आधी दाढी करावी. केरबा म्हणाला, आणि दाढी उतरल्यावर ही माघारी फिरली तर देवाला काय सांगू. दोघांच्याही बोलण्यात राग नव्हता. बाजारात माल आधी की पैसे आधी यावर दोन भली माणसं अडून राहतात, तसं ते होतं.

एस्तर सिस्टरांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि केरबाची खोली किती लांब आहे ते विचारलं. खोली फाउंड्रीच्या मागेच होती. सिस्टरांनी ड्रेसिंगचा ट्रे काढला, त्यात कात्री, वस्तरा, साबण, कापूस मांडला आणि ट्रे माझ्या हातात दिला. हे काम न्हाव्याचं आहे असं मी म्हणालो.

"मिरजेला असताना ऑपरेशनआधी पेशंटचे केस मीच काढायची, सर," त्या म्हणाल्या. "आणि ते चेहऱ्यावरचे क्वचितच असायचे."

आमची वरात निघाली. पुढे एस्तर सिस्टर, मागे एकमेकांपासून अंतर राखून नवरा-बायको, मग मी ट्रे घेऊन, माझ्यामागे चार नर्सेस, त्यांच्यातली एक मास्क आणि एक टोपडं घेऊन. वाटेत कुणीतरी विचारलं, कुणाचं काय झालं. रेहानानं ट्रेनिंग आहे म्हणून सांगितलं.

खोलीच्या दाराबाहेर, अंगणात, सिस्टरांनी केरबाला पाटावर बसवलं, तोंड उंबऱ्याकडे करून. अनुसयाला उंबऱ्यासमोर उभं केलं. मग दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी ठरवून दिलं. कात्रीला कुणाचीच हरकत नव्हती, कारण नवस वस्तऱ्याचा होता. कात्रीनं जंगल कमी होईल. मग अनुसया एक पाय उंबऱ्यावर ठेवील आणि सिस्टर उजव्या गालाला वस्तरा लावतील. दुसरा पाय उंबऱ्यावर, की डावा गाल. मग ती आत उतरेल आणि हनुवटी, आणि लगेच तिच्यासमोरच मास्क. कुणी आधी नाही, कुणी मागून नाही. देवाला चालेल का, असं सिस्टरांनी केरबाला विचारलं. केरबानं डोळे मिटले आणि चालंल म्हणाला. चर्चमध्ये जाणाऱ्या बाईनं जोतिबाशी केलेला करार मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

कात्रीचं काम झालं. साबण लागला.

"अनुसया, पाय," सिस्टर म्हणाल्या.

तिनं पाय उचलला आणि तसाच धरला. वस्तरा गालापाशी थांबला. क्षणभर दोन्ही गोष्टी हवेत होत्या. मग पाय टेकला आणि वस्तरा उतरला. कोणतं आधी झालं हे मला आजही सांगता येणार नाही, आणि मी अगदी जवळ ट्रे घेऊन उभा होतो.

दुसऱ्या गालाला ती दोन्ही पायांनी उंबऱ्यावर उभी होती. हनुवटीला आत होती. सिस्टरांनी ओल्या कापसानं त्याचा चेहरा पुसला आणि बाजूला झाल्या. दाढीखालून निघालेला माणूस आमच्या ओळखीचा नव्हता. गाल आत गेलेले, जबडा अरुंद. एवढ्या दाढीच्या मागे एवढासाच चेहरा असेल असं वाटलं नव्हतं. अनुसयानं तो आतून पाहिला.

"किती वाळला ओ," ती म्हणाली. "दाढीनं कळू दिलं न्हाई."

आणि पदर खोचून चुलीकडे गेली.

तपासणी अंगणातच झाली. मास्क न लावता फवारा मारल्यावर केरबाला गोड लागलं, म्हणजे जीभ ठीक होती. मग सिस्टरांनी मास्क बसवला, पट्टे आवळले, टोपडं चढवलं. साधा श्वास, खोल श्वास, मान इकडे, मान तिकडे. बोलायची वेळ आली. पुस्तिकेप्रमाणे मी त्याला शंभरपासून उलटे आकडे म्हणायला सांगितलं. तो सत्त्याण्णवला अडकला.

"आकडे राहू देत," सिस्टर फुगा दाबत म्हणाल्या. "काहीही बोल. तिच्याशी बोल. थांबायचं नाही मात्र."

मास्कमधून आवाज घुमटातून आल्यासारखा येतो. अनुसया पिठाच्या हातांनीच दारात येऊन उभी राहिली.

"शेरडी इकली न्हाई," केरबा म्हणाला. "लोक म्हनत हुते इक. मागल्या दारचा कडीपत्ता वाळला. दुसरा आनला, त्योबी वाळला. आता तिसरा हाय, त्यो तग धरील. भाकरी जमत न्हाई. मधी भाजती, कडंला कच्ची ऱ्हाती. सबंध जल्म लोकाच्या कडा घासल्या आन माज्या भाकरीची कड मला जमंना. रातीला खोकला येतो तवा भाईर जातो. तू हुतीस तवाबी जायाचो. तुला ऐकू जाऊ न्हाई म्हनून. आता घरात कुनी न्हाई, तरी भाईरच जातो."

"ऐकू यायचं," अनुसया म्हणाली. "रोज यायचं."

"मला वाटायचं न्हाई येत."

"झोपल्याचं सोंग करायची मी."

मिनिट कधीच होऊन गेलं होतं. घड्याळ माझ्याकडे होतं. मी ते खिशात टाकलं आणि सिस्टरही फुगा दाबतच राहिल्या. थोरल्या मुलीच्या सासरी जाऊन नात बघून आलो, नाकानं तुझ्यावर गेलीय, असं सांगून झाल्यावरच तो थांबला. सिस्टरांनी विचारलं, गोड लागलं का.

"लागतंय की," केरबा म्हणाला. "पयल्यापास्नं लागतंय."

"मग सांगायचं नाही का?"

"थांबायचं न्हाई म्हनालात की तुमी."

मी जवळ जाऊन पाहिलं. कानाखाली, आत गेलेल्या गालापाशी, माझं बोट सहज आत जाईल एवढी फट होती. मास्क मीडियम होता आणि केरबाचा चेहरा स्मॉल होता. स्टोअरनं सगळेच्या सगळे मास्क मीडियम मागवले होते. सरासरी माणसाला मीडियम बसतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पुण्याहून, बहुतेक.

हे अनुसयाला सांगायचं काम माझ्याकडे आलं. ठरलेलं एकच होतं, की मास्क नीट बसला पाहिजे, आणि तो बसला नव्हता. मी जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. चारही नर्सेस उंबऱ्याकडे बघायला लागल्या. केरबा टोपड्यातच होता. ते काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. प्लास्टिकच्या आतून तो तिच्याकडे बघत होता.

अनुसयानं उंबऱ्याकडे पाहिलं, मग केरबाकडे.

"बारकं मागवा," ती मला म्हणाली. "तवर ह्यास्नी तिकडं धाडू नगा." आणि भाकरी करपत होती म्हणून आत गेली.

एस्तर सिस्टरांच्या प्रमाणपत्रावर मी सही केली. गळणारा मास्क गळतोय हे शोधून काढणं हीच परीक्षा होती आणि त्यात त्या पहिल्या आल्या होत्या. आम्हा सगळ्यांना तिथं जेवावं लागलं. भाकरी कडेपर्यंत भाजलेली होती, आणि केरबा कडेपासून सुरुवात करून जेवला.

स्मॉल मास्क येईपर्यंत केरबाला फेटलिंगला पाठवायचं नाही, असं सिस्टरांनी मॅनेजरला कळवलं. मॅनेजर कुरकुरला. पण फाटकावरचा वॉचमन नुकताच सोडून गेला होता, म्हणून त्यानं तात्पुरतं केरबाला तिथं बसवलं. मास्क यायला दिवाळी उजाडली. तोपर्यंत खोकला बराच उतरला होता, दवाखान्याच्या पायऱ्या तो कॅलेंडर न वाचता चढत होता आणि फेटलिंगला दुसरा माणूस लागला होता. केरबा निवृत्त होईपर्यंत फाटकावरच राहिला. फाटकावरच्या कामाला मास्क लागत नाही. तिथं दाढी चालते.